बुदैयाच्या नेरिसचं माप

आखातातून आलेल्या माणसाच्या बॅगेकडे आमच्या कुडाळात आधी बघतात आणि तोंडाकडे नंतर. मी परतले तेव्हाही तेच झालं. सेंटच्या बाटल्या, खजुराचे डबे, भाचीने शेजारच्या पोरांसाठी दिलेल्या रंगीत पेन्सिली, सगळं शेजारपाजारच्या मंडळींनी नजरेखालून घातलं आणि मग विचारलं, "बाई, स्वतःसाठी काय आणलंत?" मी पर्समधून लाल कापडाची एक चिंधी काढून दाखवली. ताणली की लांबते, सोडली की आखडते. "एवढ्या लांब जाऊन चिंधी?" असं कुणी बोललं नाही, पण मला स्पष्ट ऐकू आलं.

त्या चिंधीची हकिगत सांगायची तर माझा बहरीनचा अर्धा प्रवास सांगावा लागतो. सोन्याचा बाजार, मोती, वाळवंटातली तेलाची नळकांडी हे सगळं मी पाहिलं, पण ते कुणीही सांगेल. मी चिंधीपासूनच सांगते.

हूरा

माझा धाकटा भाऊ वसू हूऱ्यात शिंप्याचं दुकान चालवतो. हूरा म्हणजे मनामा शहराचा गजबजलेला भाग. हॉटेलं, दुकानं, आणि रस्त्यावर आपल्याकडची इतकी माणसं की आपण समुद्र ओलांडून आलो हे विसरायला होतं. मी कुडाळला शाळेत इंग्रजी शिकवते. माझी रजा साठून कुजायला आली होती आणि वसू दर पत्रात "ये गो" म्हणत होता. शेवटी थंडीच्या दिवसांत मी निघाले.

माझं पहिलं पाऊल फसलं ते विमानतळावरच. नलूसाठी, म्हणजे माझ्या भावजयीसाठी, मी आगळाची, म्हणजे कोकमाच्या रसाची, बाटली नेली होती. कस्टमच्या माणसाने बॅग उघडली तर आत माझी पांढरी साडी लालभडक! तो दचकून दोन पावलं मागे सरला. "कोकम, कोकम! खायची वस्तू!" असं इंग्रजीत ओरडूनही त्याला काही पटेना. मग मी सरळ साडीचा पदर उचलला आणि चाटून दाखवला. तो बघतच राहिला, मग असा काही हसला की त्याने बाजूच्या दोघांना बोलावून माझा पदर दाखवला. "यल्ला, यल्ला," म्हणत त्याने मला हाताने पुढे घातलं. परदेशात आपली ओळख अशी पटकन होते.

वसूच्या दुकानात एक गंमत पाहिली. बायकांचे कपडे शिवायला येतात, पण माप द्यायला बाई येत नाही. तिचा जुना कपडा येतो. घरचा पुरुष किंवा ड्रायव्हर तो काउंटरवर ठेवतो आणि "सेम सेम" म्हणून निघून जातो. वसू त्या कपड्यावरून दुसरा शिवतो. कित्येक गिऱ्हाइकांना त्याने वर्षानुवर्षं शिवून दिलंय, पण त्यांची तोंडं पाहिलेली नाहीत. आमच्याकडे गिऱ्हाईक दुकानात बसून चहा पितं, सासूची तक्रार करतं आणि मग माप देतं.

घरी नलू दोन्ही वेळा मासे करायची. हमूर नावाचा मासा तिथे मानाचा. कालवण झालं की खुबूस, म्हणजे भट्टीतून काढलेली फुगीर रोटी, त्यात बुडवायची. मी भाताची बाई, पण खुबूसने मला बाटवलं. भाची मीना आठ वर्षांची. तिच्याशी आम्ही मालवणीत बोलायचो, तिला शब्द न् शब्द कळायचा, आणि उत्तर यायचं इंग्रजीत. "मीना, मासो वाढू?" "नो थँक्यू, आत्या." मी इंग्रजीची मास्तरीण असूनही मला त्याचं वाईट वाटायचं.

अशात एक दिवस ग्वेन नावाची बाई दुकानात आली. उंच, उन्हाने नाक लाल झालेली. वसूने पूर्वी तिचे पडदे शिवले होते. तिच्या हातात एक पुडकं आणि एक चिमुकला लाल पोशाख होता. पूर्ण बाह्या, अंगाला चिकटून बसणारा, आणि पायांच्या बाबतीत मात्र कापड संपल्यासारखा. त्याला लिओटार्ड म्हणतात. तिची मुलगी जिम्नॅस्ट होती. ईस्टरला मायदेशी राष्ट्रीय संघाची निवड होती, आणि जुना पोशाख मुलीच्या अंगात शिरत नव्हता. पुडक्यात तसंच ताणलं जाणारं लाल कापड होतं, मुलीच्या आजीने पाठवलेलं. असं कापड बहरीनमध्ये कुठेच मिळत नव्हतं. होता तो एवढाच तुकडा.

"या वेळी सेम सेम नको," ग्वेन म्हणाली. "ती वाढलीय. माप घ्यायला घरीच या."

ती गेल्यावर वसू माझ्याकडे वळला. "आक्का, माझा इंग्रजी 'यस मॅडम'पर्यंत. आणि चेडवाचा माप मी काय घेवचंय नाय. तू चल." चेडू म्हणजे मुलगी.

बुदैया

बुदैयाचा रस्ता मला फार आवडला. मनामाची गर्दी मागे पडली की दोन्ही बाजूंना खजुरीच्या बागा, मधूनच जुनं गाव, मधूनच नवा बंगला. बागांत खाली हिरवा चारा आणि भाजी, वर खजुरीची सावली. आमच्या माडाच्या बागेची ही कोरड्या हवेतली चुलत बहीण. वसूच्या शेजाऱ्याची गाडी घेऊन आम्ही गेलो. रस्त्यावर चालणारं माणूस दिसेना, सगळे गाडीत.

ग्वेनच्या बंगल्यात गाडीच्या शेडमध्ये गाडी नव्हती. तिथे जमिनीपासून गुडघाभर उंचीवर एक लांबच लांब लाकूड बसवलं होतं. रुंदी माझ्या चार बोटांएवढी. त्याला बीम म्हणतात. आणि त्या बीमवर चौदा वर्षांची एक मुलगी मागे वाकून हात टेकवून, पाय डोक्यावरून नेऊन पुन्हा उभी राहिली. मी कपाटावरचा डबा काढायला स्टुलावर चढते तेव्हा दोन माणसं स्टूल धरतात. मला टाळ्या वाजवायच्या होत्या, पण ती पडेल या भीतीने मी हात छातीशी धरून ठेवले.

तिचं नाव नेरिस. चहाला बसलो तेव्हा मी ऐटीत म्हटलं, "इंग्लंडचं नाव उज्ज्वल करशील हं." ग्वेनने कप खाली ठेवला. "आम्ही वेल्श आहोत. इंग्लिश नाही."

मग सुचलं ते बोलले, "आमचंही तसंच. आम्हाला इतकी वर्षं सगळे रत्नागिरीचे म्हणायचे. आता कुठे आमचा सिंधुदुर्ग वेगळा झालाय." ग्वेनला हे इतकं पटलं की तिने माझ्या बशीत आणखी दोन वेल्श केक वाढले. हे केक भट्टीत नव्हे, तव्यावर भाजतात, आत मनुका. आमच्या घावनांचा सावत्रभाऊ म्हणायला हरकत नाही. आणखी एक मौज कळली. ग्वेन मुलीशी वेल्शमध्ये बोलायची आणि नेरिस उत्तर द्यायची इंग्रजीत. मी मीनाची गोष्ट सांगितली. आम्ही दोघी आया-आत्या तेवढ्यापुरत्या सख्ख्या मैत्रिणी झालो.

नेरिसची कहाणी ग्वेननेच सांगितली. पाच वर्षांची असताना तिने घरातला सोफा उड्या मारून मोडला, म्हणून गावच्या सभागृहातल्या वर्गाला घातली. तिथल्या बाईंनी महिनाभरात सांगितलं, ही वेगळी आहे. मग शहरातला क्लब, मग लहान गटातली पदकं. वडिलांना बहरीनच्या जहाजदुरुस्तीच्या गोदीत नोकरी लागली तेव्हा सगळे म्हणाले, संपलं हिचं. पण वडिलांनी गोदीतल्या माणसांकडून दांडे आणि बीम करून घेतले, ग्वेनने जिम्नॅस्टिक्सची पुस्तकं उघडून क्लबातली जुनी शिस्त घरी चालू ठेवली, आणि सुट्टीत नेरिस जुन्या प्रशिक्षकाकडे जाऊन शिकत राहिली. निवडीचं बोलावणं आलं तेव्हा घरात तिघंही नाचली.

"मग अडचण काय?" मी विचारलं.

"काही नाही," नेरिस म्हणाली आणि उठून उभी राहिली. "माप घ्या."

मी टेप काढली. वसू पाठ करून भिंतीकडे तोंड करून बसला, हातात वही. मी आकडा सांगायचा, त्याने लिहायचा. आमच्या शाळेत उंची मोजताना पोरी टाचा उचलतात, मान ताणतात, केस फुगवतात. एक अंगुळभर तरी जास्त भरावी म्हणून सगळी धडपड. ही पोर उलट करत होती. खांदे पाडलेले, पोट आत, गुडघे किंचित दुमडलेले. "सरळ उभी राहा गं," मी दोनदा म्हटलं. "सरळच आहे," ती म्हणाली. मला वाटलं, असेल त्यांची उभं राहायची पद्धत. तेच माप घेऊन आम्ही परतलो.

जिदहफ्स

ताणल्या जाणाऱ्या कापडाने वसूला रडकुंडीला आणलं. मशीनची सुई टाके गाळायची, कापड दात्यांखाली गोळा व्हायचं. चिंध्यांवर सराव करकरून त्याने नागमोडी टाका जमवला. आता चांगलं इलॅस्टिक हवं होतं, ते कुणीतरी सांगितलं जिदहफ्सच्या बाजारात मिळेल.

मी हौसेने बरोबर गेले. जिदहफ्स मनामाला लागूनच, पश्चिमेला. बाजार पाहून जीव निवला. मुळ्याच्या हिरव्यागार जुड्या, माशांच्या टोपल्या, काळ्या अबाया घातलेल्या बायका आणि त्यांच्या हातवाऱ्यांची भाषा. एका आजीबाईकडे मी भाजीची जुडी घेतली. मला अरबीतले दोनच शब्द येत होते, मफी आणि खलास, म्हणजे नाही आणि संपलं. त्यांच्यावर मी भाव केला. ती काहीतरी म्हणाली, मी म्हटलं मफी. ती आणखी काही म्हणाली, मी म्हटलं खलास. तिने हसत हसत माझ्या पिशवीत एक जुडी फुकट टाकली आणि माझा गाल चिमटला. ती नक्की काय म्हणाली हे आजतागायत मला माहीत नाही. दुकानदार मात्र छान हिंदी बोलत होता. त्याने इलॅस्टिक ताणून दाखवलं, चहा पाजला आणि मुलीला यश मिळो म्हणून "इंशाल्ला" म्हटलं.

पोशाख तयार झाला तेव्हा वसूने तो हँगरला लावून आमच्यापुढे धरला. लालभडक, टाका कसा मोत्यासारखा. "वाढत्या अंगाचो शिवलंय," तो म्हणाला. "लांबीक पण सोडलंय आणि बगलेत पण. दोन वर्सां बघूक नको."

"बरा केलात," नलू म्हणाली. "चेडू काय तेवढाच रवतला?"

मीही मान डोलावली. आम्हा तिघांत एकालाही यात काही वावगं वाटलं नाही. आमच्याकडे चौदा वर्षांच्या मुलीचा कपडा आजच्या मापाचा शिवणारा शिंपी म्हणजे एकतर नवशिका, नाहीतर वैरी. माझा स्वतःचा शाळेचा परकर पाचवीत पायांत यायचा आणि आठवीत घोट्याच्या वर गेला, तोच परकर.

पुन्हा बुदैया

नेरिस पोशाख घालून बाहेर आली आणि ग्वेनने तोंडावर हात ठेवला. मागच्या बाजूला कापडाची पिशवी लोंबत होती. बगलेत सुरकुत्या. खांद्यावरून घसरत होता. वसूचा चेहरा उतरला. जिम्नॅस्टचा पोशाख कातडीसारखा बसावा लागतो, सुरकुतीसुद्धा परीक्षक बघतात, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं आणि आम्ही विचारलं नव्हतं. कापड तर दुसरं नव्हतं.

नेरिस आधी खुदकन हसली. "इतका मोठा का?"

मी समजावलं, "आमच्याकडे मुलांचे कपडे वाढत्या अंगाचे शिवतात. तू वाढशील ना, म्हणून जागा ठेवलीय."

तिचं हसू तिथेच थांबलं आणि ती भसाभसा रडायला लागली. मी घाबरले. मी काय बोलून बसले कळेना. "मला वाढायचंच नाहीय!" ती म्हणाली. "मी वाढले तर संपलं."

मग सगळं बाहेर आलं. दांड्यांच्या खेळात एक दांडा उंच असतो, एक बुटका. उंच दांड्यावरून झोका घेताना बुटका दांडा बरोबर कमरेच्या सांध्याशी लागावा लागतो. वर्षभरात ती इतकी वाढली होती की तो आता ओटीपोटावर आपटत होता. तिने पोशाखावरूनच ओटीपोटावर हात ठेवून सांगितलं, आत सगळं निळं-काळं झालंय. प्रशिक्षक सुट्टीत म्हणाला होता, आणखी वाढलीस तर अवघड आहे. म्हणून ती माप देताना आखडून उभी राहत होती. जणू टेपला कळलं नाही तर अंगालाही कळणार नाही. ग्वेनने दाराच्या चौकटीवर उंचीच्या खुणा करणंही बंद केलं होतं.

मला त्या पोरीची फार दया आली, आणि रागही आला. कुणाचा ते सांगता येईना.

वसूला इंग्रजी कळलं नव्हतं, पण रडणं कळलं. त्याने मला विचारलं, मी सांगितलं. त्याने हातातली टेप गुंडाळून ठेवली. मग म्हणाला, "आक्का, तिका सांग, माझ्या दुकानात पोरगा वाढला म्हणून कोण रडत येणा नाय. पेढो घेवन येतत. कपडो लहान होता, पोर नाय चुकणा."

मी ते इंग्रजीत सांगितलं. पेढा म्हणजे काय हेही सांगावं लागलं. नेरिसने नाक पुसलं. "मुलगी वाढली म्हणून शिंप्याला मिठाई?"

"दर वेळी नाही मिळत," मी म्हटलं. "एरवी त्याला नुसतं कळवतात आणि माया सोडवून घेतात." माया म्हणजे शिलाईच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड, हे मी तिला बगलेजवळची कड उलटून दाखवलं.

तिने ती माया बोटांनी चाचपली. मग बीमजवळ गेली, पोशाख ओढूनताणून नीट केला, आणि खेळ सुरू करताना उभी राहतात तशी उभी राहिली. टाचा जुळलेल्या, मान उंच, दोन्ही हात वर. पहिल्यांदाच मी तिला पूर्ण उंचीची पाहिली. आणि मागची ती लोंबती पिशवी नाहीशी झाली! लांबीला पोशाख तंतोतंत बसला. तिने अंग चोरून दिलेल्या तेवढ्याच मापाचा वसूने शिवला असता, तर तो आता खांद्यावर टरटरून फाटला असता.

"बघलंस?" वसू म्हणाला. इतका वेळ पडलेले त्याचे खांदेही वर आले.

आता फक्त बाजूंना सैल होता. वसू सांगेल तिथे मी टाचण्या लावून तो मापात आणला, नेरिसने कपडे बदलून तो आणून दिला आणि वसूने कात्री काढली. "जास्तीचा कापू?" ग्वेन म्हणाली, कापा, म्हणजे आतून टोचणार नाही. मी कात्रीकडे बघत होते. बोलायचा अधिकार माझा नव्हता.

नेरिस म्हणाली, "कापलं तर पुन्हा जोडता येतं?"

"मफी," वसूने थेट उत्तर दिलं. एवढं त्यालाही कळलं होतं.

"मग राहू दे," ती म्हणाली. "आत राहू दे."

वसूने दुकानात नेऊन ती माया आतून दोन बाजूंना सपाट दाबून हाताने तुरपाई करून टाकली, इतकी पातळ की बोटाला लागू नये. गळ्याजवळचं निघालेलं टोक तेवढं मला दिलं. तीच माझी चिंधी.

शुक्रवार

नेरिस निघायच्या आधीच्या शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, तिथल्या गोऱ्या मंडळींच्या क्लबात तिचा खेळ ठेवला होता. आम्ही सगळे गेलो. नलूने रस-घावन नेले. ग्वेनच्या मैत्रिणींनी नारळाचा गोड रस सूप समजून आधी चमच्याने संपवला आणि मग घावन कोरडेच खाल्ले.

बीमवर नेरिस सुरेख झाली. नलूने मात्र काहीच पाहिलं नाही, पदर डोळ्यांवर. "वन्सं, माका सांगा, उतारला काय ता?" दांड्यावर पोट आपटल्याचा आवाज आमच्यापर्यंत आला. एकदा तिचा हात सुटला आणि ती गादीवर पडली. ती उठली, हातांना खडू लावला, पुन्हा चढली आणि खेळ पुरा करून उतरली. शेवटी हात वर करून उभी राहिली, अंगुळभरही न आखडता. घरी जाताना मीना गाडीत म्हणाली, "आत्या, माका पण शिकूचा हा." चक्क मालवणीत.

त्यानंतर दोन दिवसांनी मी परतले. निवडीचं काय झालं ते न कळताच.

कुडाळ

पुढच्या वर्षी गणपतीला वसू आला तेव्हा दारात चपला काढायच्या आत मी विचारलं. त्याने आधी पाणी मागितलं. हा शिंपी लोकांचा खोडसाळपणा, कपडा तयार असला तरी "उद्या या" म्हणतात.

मग सांगितलं. नेरिसची निवड झाली होती. दांड्यांवर ती मागे पडली, पण बीम आणि जमिनीवरच्या खेळाने तिला वर काढलं. प्रशिक्षकाला पोटावरच्या वळांचं कळलं, आणि त्याने दोन दांडे एकमेकांपासून थोडे लांब सारले. वर्षभर ती वेल्सच्या संघातून खेळली, दोन पदकंही आणली. सुट्टीत बहरीनला आली ती थेट दुकानात, कुणाच्या हाती कपडा न पाठवता. काउंटरवर तिने लाल पोशाख ठेवला आणि शेजारी एक खोका. खोक्यात हलवा होता. पेढे तिथे मिळाले नसावेत.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"म्हणाला, मी वाढलंय." वसूने पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "माया सगळी उसवलंय, आक्का. आता आत काय एक शिल्लक नाय. हेच्या फुडे वाढला तर नवोच शिवूक लागतलो."

"मगे शिव," मी म्हटलं. "वाढत्या अंगाचोच शिव."